अवकाशवेड्या मुलांच्या सहली : दाखवलेले आणि राहून गेलेले

नाटकाचे परीक्षण छापून येते, चित्रपटाचे येते, पाककृतींच्या पुस्तकाचेसुद्धा येते. तारांगणातल्या कार्यक्रमाचे किंवा विज्ञान केंद्रातल्या दालनाचे परीक्षण मात्र आमच्या वाचनात क्वचितच आले. ही स्थळे चांगल्या हेतूने उभारलेली असतात, तिकीट परवडणारे असते, मुले आनंदाने बागडतात. तेव्हा त्यांच्यात खोट काढणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटत असावे. पण ज्या घरात ग्रहताऱ्यांचे वेड लागलेले मूल आहे, त्या घरातल्या सुट्ट्या याच ठिकाणी खर्च होतात. शाळांच्या सहलीही येथेच येतात. मग ही ठिकाणे मुलाला नेमके काय देतात हे एकदा तपासून पाहायला हवे.

आम्ही दोघे निवृत्त शिक्षक. एकीने भूगोल शिकवला, दुसऱ्याने गणित. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत सात-आठ वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही बरेच हिंडलो. आठही ग्रहांचे व्यास आणि गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांची नावे तिला पाठ आहेत. पाहुण्यांसमोर ती म्हणून दाखवते आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. आमची काळजी नेमकी येथेच सुरू होते. हे वेड प्रश्न विचारण्याचे राहणार, की आकडे साठवण्याचे होणार, हे या वयात ठरत असते. आणि सहलीचे ठिकाण त्याला एका किंवा दुसऱ्या बाजूला ढकलत असते. ज्या ठिकाणांबद्दल आमची तक्रार आहे त्यांची नावे येथे दिलेली नाहीत. दोष एकेका संस्थेचा नाही, मांडणीच्या एका रूढ पद्धतीचा आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून करू, कारण तो जवळजवळ सगळीकडे असतो. काट्यावर उभे राहायचे, कळ दाबायची, की चंद्रावर, मंगळावर, गुरूवर आपले वजन किती भरेल ते आकड्यात दिसते. रांग सर्वांत मोठी याच्यासमोर. नातीचे वजन २२ किलो. चंद्रावर साडेतीन, मंगळावर आठ, गुरूवर पंचावन्न. तिचा पहिला प्रश्न असा होता : "आजी, चंद्रावर गेले तर मी बारीक होईन?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो यंत्राने निर्माण केला आहे. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक. ते चंद्रावर गेल्याने बदलत नाही. बदलते ते वजन, म्हणजे चंद्र आपल्याला किती जोराने ओढतो ते. नववीत हीच मुलगी 'वजनाचे एकक किलोग्रॅम' असे लिहील आणि तिचा गुण कापला जाईल; तो काट्याने सातव्या वर्षी शिकवलेला धडा असेल. बाजारात आपण वजन किलोतच बोलतो, तेव्हा एककाचा आग्रह लहान मुलासमोर धरू नये हे आम्हांला मान्य आहे. पण मग यंत्राजवळ एवढे तरी लिहावे, की तू तेवढीच राहशील, फक्त तुला ओढणारा जोर बदलेल. शिवाय गुरूवर उभे राहायला घट्ट पृष्ठभाग नाही. तो आकडा ढगांच्या वरच्या थराचा. हेही कोणी सांगत नाही.

याहून मोठी हुकलेली संधी वेगळीच आहे. बुध आणि मंगळ या दोन्ही ठिकाणी काटा जवळजवळ एकच आकडा दाखवतो. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या सुमारे दुप्पट आहे, तरीही. शनी तर पृथ्वीच्या ९५ पट वस्तुमानाचा, आणि तेथील वजन पृथ्वीवरच्यासारखेच भरते! कोणत्याही जिज्ञासू मुलाने येथे थांबावे. उत्तर सातवीच्या गणितात बसते : वस्तुमान ९५ पट, पण त्रिज्या साडेनऊ पटींच्या आसपास, ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणजे ९५ ला सुमारे ९० ने भागायचे. पण यंत्र एका वेळी एकच आकडा दाखवते आणि रांगेतला पुढचा मुलगा मागून ढकलतो. दोन आकडे शेजारी आलेच नाहीत तर त्यांच्यातले साम्य दिसणार कसे?

आमच्या मते या यंत्राच्या जागी एकसारखे दिसणारे नऊ पत्र्याचे डबे ठेवावेत. पृथ्वीच्या डब्यात १ किलो वाळू, चंद्राच्या डब्यात १६५ ग्रॅम, मंगळ व बुधाच्या डब्यांत प्रत्येकी ३८० ग्रॅम, गुरूच्या डब्यात अडीच किलो, शुक्र, शनी वगैरे त्यांच्या मापाने. (डब्याचे वजन धरून, अर्थात.) मुलांनी डबे उचलायचे. हात जे सांगतो ते आकडा सांगत नाही. आणि बुध-मंगळाचे डबे दोन हातांत घेतले की प्रश्न आपोआप पडतो. आम्ही घरी बिस्किटांच्या डब्यांवर हे करून पाहिले, खर्च जवळजवळ शून्य. शिक्षकांनी एक गोष्ट जाता जाता सांगावी : हे डबे फक्त उचलताना खरे बोलतात. चंद्राचा डबा आडवा, पुढेमागे हलवून पाहिला तर तो फारच सहज हलतो. खऱ्या चंद्रावर १ किलोचा डबा आडवा हलवायला येथल्याइतकाच जोर लागेल. वस्तुमान आणि वजन यांतला फरक याहून स्वस्तात शिकवता येईल असे आम्हांला वाटत नाही.

सूर्यमालेच्या प्रतिकृतींबद्दल थोडक्यात. फायबरचे ग्रह माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत टांगलेले असतात. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात दालनात मावत नाहीत, ही अडचण खरीच आहे. पण 'हे प्रमाणात नाही' एवढी पाटी लावायला जागा लागत नाही. सूर्य पपनसाएवढा, म्हणजे १४ सेंटिमीटरचा धरला, तर पृथ्वी मोहरीचा दाणा होते आणि तिला १५ मीटर दूर ठेवावे लागते. गुरू ही गोटी, ७८ मीटरांवर. नेपच्यून तुरीचा दाणा, साडेचारशे मीटरांवर. सर्वांत जवळचा तारा याच प्रमाणात ४००० किलोमीटरांवर जातो. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर संपूनही पुढे चालावे लागेल. शाळेसमोरचा रस्ता या प्रयोगाला पुरतो, दालन लागत नाही.

आता तारांगण. येथे जरा सविस्तर बोलायला हवे, कारण आमचे प्रेम आणि आमचा राग दोन्ही येथे एकवटले आहेत.

१९२३ मध्ये जर्मनीतील येना येथे झाइस कंपनीच्या कारखान्यात पहिल्या प्रक्षेपकाची चाचणी झाली आणि १९२५ मध्ये म्यूनिकच्या संग्रहालयात तो लोकांसाठी सुरू झाला. आपल्याकडे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल, टिळक रस्ता, येथे १९५४ साली तारांगण आले. शाळेच्या आवारात तारांगण असावे ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोलकात्याचे बिर्ला तारांगण १९६३ चे, मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ चे. मुंबईत २००३ साली जुन्या झाइस प्रक्षेपकाच्या जागी डिजिटल यंत्रणा आली, आणि पुढे इतरत्रही तोच प्रवाह दिसतो.

जुन्या यंत्राला एक मर्यादा होती : पृथ्वीवर उभे राहून जे दिसते तेवढेच ते प्रामुख्याने दाखवी. ही मर्यादा हेच त्याचे बळ होते, असे आम्ही मानतो. दिवे हळूहळू मंद होत, क्षितिजावर शहराची काळी रेषा उरे, आणि एकदम आकाशगंगा डोक्यावर येई. सभागृहातून जो 'हाऽऽ' असा आवाज निघे तो आम्ही शिक्षक म्हणून मुले नेली तेव्हा दरवेळी ऐकला आहे. मग रात्र दोन मिनिटांत फिरे. तारे पूर्वेला उगवत, पश्चिमेला मावळत, आणि एक तारा जागचा हलत नसे. शहरातल्या मुलाला हे अन्यत्र कोठे दिसणार?

डिजिटल यंत्रालाही हे सगळे करता येते, उलट अधिक चांगले करता येते. म्हणून यंत्र बदलल्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती यंत्राबरोबर कार्यक्रम बदलल्याची. घुमटभर पसरणारा तयार चित्रपट, त्याला ध्वनिमुद्रित निवेदन आणि गडगडाटी संगीत, असा आता अनेक ठिकाणी नेम झाला आहे. आपण यानातून निघतो, लघुग्रहांच्या पट्ट्यात शिरतो, खडक डाव्या-उजव्या बाजूंनी अंगावर येतात, मुले किंचाळतात. वस्तुतः त्या पट्ट्यातले लक्षणीय आकाराचे लघुग्रह एकमेकांपासून लाखो किलोमीटर दूर असतात. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये हा पट्टा पहिल्यांदा ओलांडून सुखरूप पलीकडे गेले. त्यानंतर अनेक याने गेली. तेथे उभे राहिले तर बहुधा डोळ्यांना एकही खडक ओळखू येणार नाही. पुढे तारा फुटतो आणि स्फोटाचा आवाज होतो, निर्वातात! शेवटी यान वेग घेते आणि तारे रस्त्यावरच्या दिव्यांसारखे मागे पळू लागतात, ज्याला प्रकाशाच्या कितीतरी पट वेग लागेल. चित्रपटगृहात हे चालून जाते. तारांगणाच्या दारावर विज्ञानाची पाटी असते, म्हणून येथे चालू नये.

तरी या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत. त्यांच्याहून आम्हांला जास्त खटकले ते दुसरेच. कार्यक्रमात मंगळाचा विषय निघताच अंधारात नातीने मोठ्याने विचारले, "आज मंगळ कुठे आहे?" मागच्या रांगेतून 'शूऽऽ' झाले. चित्रपट पुढे गेला, कारण तोच चित्रपट जूनमध्येही चालतो आणि डिसेंबरमध्येही. त्याला 'आज' नसतोच. बाहेर आल्यावर खरे आकाश डोक्यावर होते आणि एकाही पालकाने वर पाहिले नाही. तारांगणातून बाहेर पडून वर न पाहणारा प्रेक्षक तयार होत असेल, तर कार्यक्रम कितीही देखणा असो, तो फसला असे आम्ही म्हणू.

याच्या उलट अनुभव एका तालुक्याच्या गावी आला. हवा भरून फुगवायचा तंबूसारखा घुमट, आत सतरंजीवर तीसेक मुले, लहानसा प्रक्षेपक आणि एक शिक्षक. ध्वनिमुद्रित निवेदन नाही. "आज सूर्य कुठे मावळला? बोट दाखवा," येथून सुरुवात. मग ध्रुवतारा. मुठी एकावर एक ठेवून तो क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजायला लावले. हात ताठ धरला तर मूठ साधारण १० अंशांची. मुलांचा हात आखूड तशी मूठही लहान, म्हणून तिचेही माप जवळपास तेच येते. दोन मुठींना थोडे कमी भरले. "आता आपण कन्याकुमारीला जाऊ." ध्रुव खाली सरकला, एका मुठीलाही पुरेना. मग दिल्ली, मग थेट उत्तर ध्रुव, आणि तारा डोक्यावर. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे वाक्य त्या शिक्षकांनी शेवटपर्यंत उच्चारले नाही. एका मुलीनेच ते आपल्या शब्दांत म्हटले. फक्त घुमटालाच जमण्यासारखी गोष्ट कोणती, याचे उत्तर आम्हांला त्या सतरंजीवर मिळाले. नात परत येताना गाडीच्या खिडकीतून मुठी मोजत होती.

विज्ञान केंद्रांतल्या अवकाश दालनात ती फार रमत नाही असे आम्हांला आढळले. चकाकते फलक, कळ दाबली की पेटणारे दिवे, आणि अधूनमधून 'बंद आहे' ही चिठ्ठी. ती सर्वांत जास्त वेळ थांबली ती बागेतल्या दोन समोरासमोरच्या खोलगट तबकड्यांपाशी. एकीच्या केंद्राशी तोंड नेऊन कुजबुजले की दूरच्या दुसरीपाशी ते स्वच्छ ऐकू येते. अर्धा तास ती आजीला गुपिते सांगत होती. अवकाशाशी याचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. तो जुळला खोडदला. नारायणगावजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत विखुरलेल्या. विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे शाळकरी मुलांची प्रदर्शने भरतात, तेव्हा जाणे उत्तम. ही दुर्बीण डोळा लावून पाहण्याची नाही, म्हणून मुले हिरमुसतील अशी आम्हांला धास्ती होती. नातीने तबकडी पाहिली आणि म्हणाली, "ही आजीची तबकडीच आहे, पण हिला तर भोके आहेत. त्यातून सांडत नाही?" तबकडी तारेच्या जाळीची आहे खरी. हायड्रोजनचे रेडिओ तरंग २१ सेंटिमीटर लांबीचे. जाळीची भोके त्याहून पुष्कळ लहान, म्हणून तरंगांना ती सलग पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो. 'सांडत नाही का' या प्रश्नाहून चांगला प्रश्न आम्हांला सुचला नसता.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांविषयी एकच प्रसंग पुरे. २०२५ च्या डिसेंबरात एका हौशी मंडळाने शनी दाखवायचे ठरवले. जाहिरातीवर रुंद कड्यांचे झोकदार छायाचित्र. दुर्बिणीतून दिसला तो मणी, आणि त्यातून आरपार गेलेली सुई. उत्साही कार्यकर्ते प्रत्येकाची माफी मागत होते : "यंदा कडी नीट दिसत नाहीत, पुढच्या वर्षी या." माफी कशाची? शनीची मुख्य कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद पसरलेली आहेत आणि त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. साधारण दर पंधरा वर्षांनी पृथ्वी त्यांच्या पातळीत येते आणि ती कडेवरून दिसतात, वहीचे पान डोळ्यांच्या रेषेत धरल्यासारखी. २००९ मध्ये असे झाले, २०२५ च्या मार्चमध्ये झाले, आणि वर्षाअखेरीसही ती जवळजवळ कडेवरच होती. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे पाहिले, १६१२ मध्ये ते नाहीसे झालेले पाहून तो चक्रावला. उलगडा हायगेन्सने १६५० च्या दशकात केला. रांगेतल्या प्रत्येक मुलाला त्या रात्री गॅलिलिओचे कोडे जसेच्या तसे पाहायला मिळाले होते. पुन्हा असा योग २०३८-३९ मध्ये. आणि मंडळ माफी मागत होते!

सर्वांत मनासारखी सहल झाली ती जयपूरची, २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत. सवाई जयसिंगाच्या वेधशाळेत कळा नाहीत, पडदे नाहीत, आणि सम्राट यंत्राला हलणारा भागही नाही. २७ मीटर उंचीची तिरकी भिंत, तिची कड पृथ्वीच्या आसाला समांतर, दोन्ही बाजूंना संगमरवरी पट्ट्यांचे कमानदार कंस. भिंतीच्या कडेची सावली कंसावरून सरकते. कंसाची त्रिज्या सुमारे १५ मीटर, म्हणून सावलीचा वेग सेकंदाला साधारण १ मिलिमीटर. सावलीच्या टोकाशी बोट धरा आणि साठ आकडे मोजा. सावली चार बोटे पुढे गेलेली असते. पृथ्वी फिरते हे पुस्तकात असते. येथे ती फिरताना दिसते. नात हे करीत असताना आम्ही तिच्यामागे उन्हात चाळीस मिनिटे उभे होतो.

या यंत्रावर दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते असे नेहमी सांगितले जाते. जरा वाकून पाहिले तर सावलीची कड धुरकट दिसते, जवळजवळ १४ सेंटिमीटर रुंदीची. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. तिला कंसावरून सरकायला दोन मिनिटे लागतात. मग दोन सेकंद कसे? धुरकट पट्ट्यात बारीक काडी किंवा दोरा धरून आणि तिची सावली कोठे पुसट होते ते पाहून वाचन पुष्कळ सुधारता येते. दोन सेकंदांच्या खुणा कोरलेल्या असणे आणि दोन सेकंदांपर्यंत मोजता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलाला हा भेद जितक्या लवकर कळेल तितके बरे. जयपूर लांब वाटत असेल त्यांनी उज्जैनला जावे. तेथले यंत्र लहान, पण युक्ती तीच.

नातीने नंतर मनगटी घड्याळ आणि सावली ताडून पाहिली. सावली दहा मिनिटे मागे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. जयपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून सावली २७ मिनिटे मागे असायला हवी. मग दहाच का? भूगोलवाल्या आजीला उत्तर माहीत होते, गणितवाल्या आजोबांनाही, पण दोघांनी ते दिले नाही. पुण्याला परतल्यावर गच्चीवर एक काठी ओळंब्याने सरळ उभी केली. सकाळी एका वर्तुळाला टेकणारी सावली आणि दुपारी त्याच वर्तुळाला पुन्हा टेकणारी सावली, या दोन वेळांचा मध्य म्हणजे त्या दिवसाचे खरे मध्यान्ह. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो १२ वाजून १९ मिनिटांच्या आसपास आला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तीच काठी, तेच वर्तुळ, तेच घड्याळ, आणि वहीत १२ वाजून ४९. तिने आधी घड्याळ दुरुस्तीला द्यायला सांगितले. ते ठीक आहे असे कळल्यावर आता काठी कोणी हलवली याचा तपास चालू आहे.